बटणांच्या डब्यातले स्क्रू

सून उलट बोलत नाही, ही आक्काची तक्रार होती.

यात तक्रार करण्यासारखं काय आहे, असं शेजारीण म्हणायची. तिची स्वतःची सून तिला सकाळ-संध्याकाळ फैलावर घ्यायची, त्यामुळे तिला आक्काचा हेवाच वाटायचा. पण आक्काचं म्हणणं वेगळं होतं. भिंतीला बोललं तरी निदान आपला आवाज परत येतो, ही बाई तेवढंही करत नाही. काही म्हणा, हिचं उत्तर ठरलेलं. चहा गार आहे म्हणा, "बरं आक्का." काज वाकडं गेलंय म्हणा, "बरं आक्का." काज सरळ असताना मुद्दाम वाकडं म्हणा, तरी "बरं आक्का"! अशा बाईशी सासूने सासूपण करायचं तरी कसं? आक्काने स्वतःच्या सासूला इतकी उत्तरं दिली होती, की शेवटी शेवटी म्हातारी खोकायच्या आधीसुद्धा आक्काच्या तोंडाकडे बघायची. आणि आता आपली पाळी आली, तर समोर ही मेणाची बाहुली. घरात राज्यही आक्कानेच करायचं आणि विरोधी पक्षाचं कामही तिनेच करायचं. दमायला होई.

घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान होतं. दोन मशिनी, मधे बेतायचं लांब टेबल आणि टेबलाच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेली मोठी काळी कात्री. कात्री आक्काची. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मुलाने लहानपणी एकदा त्या कात्रीने पुठ्ठा कापला होता. आता त्याला टक्कल पडायला लागलं, तरी तो त्या खोलीत हात खिशात घालूनच यायचा. माप घेणं, खडूने आखणं, कापड बेतणं हे आक्काचं काम. काज, बटणं, अस्तर, हातशिलाई, इस्त्री, तयार कपडे गाडीतून पोचवणं, म्हणजे ज्याला वेळ लागतो आणि ज्याचं नाव होत नाही ते सगळं, सुनेचं.

शाळा आक्काने लवकर सोडली. शाळेनेच तिला सोडलं असं म्हणणारेही होते, पण ते आता कुणी हयात नव्हते. अक्षरं तिला एकेक जुळवत वाचावी लागत. आकडे मात्र टेपवरचे, हातातले, रोजचे. आकड्यांच्या बाबतीत आपल्याला कुणी फसवू शकत नाही, असा तिचा पक्का समज होता. नेमकं तिथेच गाडीने तिला गाठलं.

गाडी जुनी, पण दुकानाच्या कमाईची. चालवायची सून, पुढे बसायची आक्का, आणि पुढे बसणाऱ्याच्या हाताशी असलेला एसी म्हणजे आक्काची जहागीर. डॅशबोर्डच्या मधोमध एक बोटभर रुंद काच होती. तिच्यात हिरव्या रंगात सगळं दिसायचं: गाडीत किती गरम ठेवायचं, पंखा किती, वारा पायावर की समोरच्या काचेवर. आक्का गाडीत बसली की पट्टा लावायच्या आधी नॉब फिरवायची आणि म्हणायची, "बावीस." बाहेर ऊन असो की गारठा, आक्काचं बावीस. सून कधी अंगात स्वेटर घालून गाडी चालवायची. तिला थंडी वाजते का, हे आक्काने विचारलं नव्हतं. वाजत असती तर बोलली नसती का?

मग त्या काचेतले आकडे झडायला लागले. आधी आठाची डावी बाजू गेली आणि आठाचा तीन झाला. एका सकाळी आक्काने तेवीस वाचलं, बावीसच्या जवळच म्हणून समाधानाने मागे टेकली, आणि गाडी भट्टीसारखी तापली. खरं म्हणजे तो अठ्ठावीस होता. पण आकडे आपल्याला फसवत नाहीत हे एकदा ठरलेलं असल्यामुळे दोष दुसरीकडे शोधावा लागला.

"ब्रेक फार दाबतेस तू. म्हणून तापते गाडी."

"बरं आक्का," सून म्हणाली आणि स्वेटर काढायला गाडी बाजूला घेतली.

पुढे पंख्याच्या रेघा गेल्या, वाऱ्याचा बाण गेला, आणि शेवटी त्या काचेत एकच हिरवा तुकडा उरला, पडलेल्या पापणीच्या केसासारखा. आक्काने त्याचंही वाचन चालू ठेवलं. "बावीसच आहे," ती म्हणायची. "मला कळतं."

हे असं कितीही दिवस चाललं असतं, पण मधे वकीलबाईंचा कोट आला.

वकीलबाई म्हणजे दुकानातलं सगळ्यांत जोखमीचं गिऱ्हाईक. टाक्यांवरून बोट फिरवून बघणारी. त्यांचा काळा कोट आक्काने स्वतः बेतला होता, आणि तो सुरकुतू नये म्हणून मागच्या सीटवर न टांगता मांडीवर घेऊन बसली होती. सकाळ गारठ्याची होती. दोघींच्या श्वासाने समोरच्या काचेवर वाफ धरायला लागली. आक्काने एसीची बटणं अंदाजाने दाबली. पहिल्या बटणाने काही झालं नाही. दुसऱ्याने बाहेरची हवा आत यायची बंद झाली, पण ते सांगणारा हिरवा बाण केव्हाच मेला होता. काच दुधासारखी पांढरी झाली.

"आक्का, दिसत नाहीये," सून म्हणाली.

दिसत नाहीये म्हटल्यावर आक्काने जे हाताला लागलं त्याने काच पुसली. खसाखसा, दोन्ही बाजूंनी, कोपऱ्यांसकट. पुसून झाल्यावर रस्ता स्वच्छ दिसायला लागला, आणि आपल्या हातात काय आहे तेही.

वकीलबाईंनी त्यांच्या कचेरीत कोटाची उजवी बाही वर उचलून धरली. काळ्या कापडावर कोपरापासून मनगटापर्यंत राखाडी पट्टा उमटला होता. काचेला कधीकाळी लावलेलं पॉलिश, त्यावरची धूळ, सगळं बाहीने प्यायलं होतं.

"हे काय?"

"धुकं," आक्का म्हणाली.

"धुकं?"

"बाहेरचं नाही. गाडीतलं."

वकीलबाईंनी थोडा वेळ आक्काकडे पाहिलं. आयुष्यात बरेच साक्षीदार त्यांनी असे उभे राहिलेले पाहिले असणार. मग त्यांनी कोट घडी घालून परत दिला. "मला नवी बाही हवी. आणि पुन्हा कोट आणाल तेव्हा धुकं घरी ठेवून या."

परतताना आक्का काही बोलली नाही, म्हणजे फक्त गाडीला बोलली.

मुलगा गॅरेजमध्ये विचारून आला. गॅरेजवाला म्हणे, आतलं सगळं पॅनेलच बदलावं लागेल, ते लांबून मागवायचं, तोपर्यंत गाडी तिथेच सोडून जा. "सोडू या का?" मुलाने दारातून, हात खिशात ठेवून विचारलं.

"आणि कपडे पोचवायचे कशातून? तुझ्या खिशातून?" आक्का म्हणाली.

तेव्हा मशीनवरून सुनेचा आवाज आला. मशीन थांबवून ती बोलली, त्यामुळे आधी कुणाला कळलंच नाही की कोण बोलतंय.

"पूर्ण पॅनेल नको. आतली नुसती काच मिळते, डिस्प्ले. मी मागवते आणि मी बसवते. पाहिलंय मी कसं करतात ते."

लग्न झाल्यापासून तिने एका दमात बोललेलं हे सगळ्यांत मोठं वाक्य होतं. आक्काला हसू आलं, आणि आलेलं हसू आत ठेवायची तिला सवय नव्हती.

"तू बसवणार! अगं, बटण लावताना सुई स्वतःच्या बोटात घालतेस, आणि गाडीचं पोट उघडणार?"

"बसवली," सून म्हणाली, "तर मला बेतायला द्याल?"

मुलाने खिशातले हात बाहेर काढले आणि पुन्हा आत घातले. खिडकीच्या गजाला धरून शेजारीण उभी होती. ती कधी उभी नसायची? बेतायला देणं म्हणजे काय, हे तिथे असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. खिळ्यावरची कात्री. सून किती वर्षं त्या कात्रीखालून ये-जा करत होती, आणि एकदाही तिने वर बघितल्याचं आक्काला आठवत नव्हतं. की ही बघत होती, आणि आपणच बघितलं नाही?

आक्काने नाही म्हटलं असतं. पण शेजारणीच्या देखत मागे हटणं तिच्या स्वभावात नव्हतं. "दिली," ती म्हणाली. "बसव. नाही बसली, तर मरेपर्यंत काजं कर." कोण मरेपर्यंत, ते तिने सांगितलं नाही.

काच आली. सुटीच्या दिवशी दुकान बंद ठेवून सुनेने गाडीचं बॉनेट उघडलं, पान्ह्याने बॅटरीची एक वायर सोडवली आणि बाजूला वाकवून ठेवली. आक्का खुर्ची घेऊन गाडीच्या उघड्या दाराशी बसली होती. देखरेख करायला, असं तिने सांगितलं. सून अपयशी व्हावी असं तिला मुळीच वाटत नव्हतं. तिला फक्त ते होताना जवळून बघायचं होतं.

डॅशबोर्डची पट्टी उचकटायला सुनेने कॉलरची टोकं बाहेर काढायची प्लॅस्टिकची पट्टी घेतली.

"ती कॉलरची आहे!"

"बरं आक्का," सून म्हणाली आणि तीच पट्टी फटीत सरकवली. टक्, टक् करून क्लिपा सुटल्या. आक्का चपापली. हिचं "बरं आक्का" नेहमी असंच असतं का? म्हणायचं बरं, आणि करायचं स्वतःचं? इतकी वर्षं आपण त्यालाच होकार समजत होतो की काय?

कडेचे लांब स्क्रू काढल्यावर एसीचा तो डबा वायरींसकट पुढे आला. वायरींच्या क्लिपा दाबून सोडवून सुनेने तो आत आणला आणि बेतायच्या टेबलावर ठेवला. आक्काचा जीव वरखाली झाला. त्या टेबलावर आजवर कापडाखेरीज काही आलं नव्हतं. सुनेने खाली खाकी कागद अंथरला. पेन्सिलने डब्याची बाहेरची रेघ काढली, मग मागचं झाकण खोलताना एकेक स्क्रू निघाला तसा त्या रेघेच्या आत, जिथून निघाला तिथे, कागदात टोचून उभा केला. डबा गाडीत धरून ठेवणारे लांब स्क्रू एका कडेला, झाकणाचे आखूड मधे, नॉबच्या मागचे त्याहून आखूड त्यांच्या जागी. मग ती नवी काच कपाटातून आणायला आत गेली, आणि हात साबणाने धुवायला.

आता आक्काबद्दल काहीही म्हणा, पण तिचं टेबल स्वच्छ असतं, हे वकीलबाईंनीसुद्धा मान्य केलं असतं. पसारा दिसला की तिचे हात आपोआप चालत. दुकानातली बटणं डब्यांत लावलेली असायची: वरून सारखी दिसणारी एकत्र. चार भोकांची काळी एका डब्यात, दोन भोकांची पांढरी दुसऱ्यात. हे तिचं शिस्तीचं टोक. आणि समोर हा प्रकार! कागदात खिळे रोवल्यासारखे उभे स्क्रू. आक्काने ते भराभर उपटले. सगळ्यांची डोकी सारखी काळी गोल, मधे फुली. सारखे दिसतात, बटणांच्या एका डब्यात. झालं! कागद हातात उरला, चांगला जाड कागद; तो कशाला वाया घालवा, म्हणून तिने कात्री काढली आणि त्यावर पुरुषी शर्टाचा कफ बेतून टाकला. कफ फार सुरेख आला. काम कसं करतात ते सुनेला आता न सांगता कळेल, अशा समाधानाने तिने तो बटणांचा डबा टेबलाच्या मधोमध ठेवला.

सून परत आली. तिने टेबलाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आक्काच्या हातातल्या कफाकडे पाहिलं. तिचं तोंड थोडं उघडलं.

"काय?" आक्का म्हणाली.

"बरं आक्का," सून म्हणाली. कुणी काही सांगितलेलंच नव्हतं, तरी म्हणाली.

पुढचं काम मात्र आक्काला श्वास रोखून बघावं लागलं. जुन्या काचेला केसांच्या रिबिनीएवढी नाजूक पट्टी होती, तिच्या टोकाला एक खिट्टी. सुनेने खिट्टी नखाने उचलली, पट्टी सरळ मागे ओढली, नवी पट्टी त्याच फटीत सरकवली आणि खिट्टी बसवली. सुईत दोरा ओवावा तसं. दोन्ही कोपर टेबलाला टेकवून, मनगट न हलवता. बटण लावताना सुई बोटात घालणारी बाई ही नव्हे, असं आक्काच्या मनात आलं. मग आठवलं, की सुई बोटात गेली तेव्हा आपण मागून "लवकर, लवकर" करत होतो.

झाकण बसलं. सुनेने डब्यातले स्क्रू हातावर घेऊन थोडा वेळ पाहिले, आठवून आठवून एकेक लावले. डबा गाडीत गेला, वायरी जोडल्या, बॅटरीची वायर पुन्हा आवळली. आक्का तोवर पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. देखरेखीची जागा आता तिकडे गेली, असं तिचं म्हणणं.

सुनेने चावी फिरवली.

हिरवे आकडे उजळले. पूर्ण! दोनाला शेपूट, आठाला दोन्ही पोटं, पंख्याच्या सगळ्या रेघा, वाऱ्याचा बाण. आक्काच्या तोंडून "अगंबाई" निघालं, आणि लगेच तिच्या लक्षात आलं. म्हणजे कात्री गेली. इतकी वर्षं हाताला बसलेली ती मूठ! शेजारणीची तिच्या घराच्या खिडकीतून हाक आली, "झालं का गं?" तिला उत्तर न देता आक्काने हात पुढे केला. निदान बावीस तरी आपण लावावं.

नॉब फिरेना.

तिने जोर लावला. हलेना. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखा. आणि आक्काला स्वतःचीच लाज वाटावी असं झालं: तिला बरं वाटलं. नाही बसलं! कात्री खिळ्यावर सुखरूप. ती लाज झाकायची म्हणून तिने दुसराही हात लावला आणि नॉब दोन्ही हातांनी पिळायला लागली, बरणीचं झाकण पिळावं तशी.

"हात काढा."

आक्काने मान वळवली. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

"काय म्हणालीस?"

"हात काढा म्हटलं. तुटेल तो!" सुनेचा चेहरा लाल झाला होता. "शिवणाचं मशीन नाहीये हे, दणका दिला की चालायला. आणि मी स्क्रू कागदावर टोचून ठेवले होते, जिथला तिथे. कशाला हात लावलात? वरून दिसतात सारखे, पण लांबी बघितलीत का खालून? लांब स्क्रू आखूड भोकात गेलाय आणि नॉबला मागून दाबतोय. बटणं आहेत का ती, डब्यात भरायला? आणि माझा कागद कुठाय?"

"कफ बेतला," आक्का म्हणाली.

"कुणाचा?"

"कुणाचा असा नाही. कागद वाया जात होता."

"वाया!" सुनेने स्टीअरिंगवर हात आपटला. हॉर्न वाजला. शेजारीण खिडकीतून दचकून मागे गेली. "काच तुम्ही कोटाने पुसली, तेव्हा गप्प बसले. गाडी ब्रेकमुळे तापते म्हणालात, तेव्हा गप्प बसले. बावीसला मला हुडहुडी भरते, रोज, आणि तुम्ही कधी..." ती थांबली. आपण काय काय बोललो, ते तिला आता ऐकू आलं असावं.

आक्काने तोंड उघडलं. उत्तर द्यायचं होतं, सणसणीत, जन्मभर लक्षात राहील असं. पण इतके दिवस समोरून काही आलंच नव्हतं. सराव सुटला होता. आणि गंमत म्हणजे तिला रागही सापडेना. तिने मनात सगळीकडे शोधला, नेहमीच्या जागा बघितल्या, कुठे नव्हता. उलट कान साफ झाल्यासारखं वाटत होतं. हिला आवाज आहे. चांगला खणखणीत आहे. आणि जे बोलली त्यातलं एकही खोटं नाही, ही तर अगदी सासूला शोभेल अशी गोष्ट.

"मग आता?" तिने विचारलं. स्वतःचा आवाज तिला फार बारीक वाटला.

"आता पुन्हा उसवायचं," सून म्हणाली. "मला सुई द्या. लांब. टाचणी नको."

आणि आक्का, जिने जन्मात कुणाला सुई आणून दिली नव्हती, ती उठली आणि सुई आणायला गेली. पहिली आणली ती आखूड निघाली. "ही नाही," सून वर न बघता म्हणाली. आक्का पुन्हा गेली.

बॅटरी सुटली, डबा पुन्हा टेबलावर आला. स्क्रू सगळे निघाले. सुनेने सुई उलटी धरून, बोथट टोकाने एकेका भोकात घातली, जिथे टेकली तिथे नख धरलं, सुई बाहेर काढून स्क्रूच्या शेजारी लावली. इतकं खोल, म्हणजे हा. इतकं उथळ, म्हणजे तो. मग आक्काच्याच खडूने तिने टेबलावर डब्याची रेघ पुन्हा काढली, हाताने, एका झटक्यात, आणि स्क्रू त्या रेघेवर आपापल्या जागी आडवे मांडले. आक्का ती रेघ बघत राहिली. पट्टी न लावता काढलेली, तरी कोपरे बरोबर कोपऱ्यांत. अशी रेघ स्वतःच्या हातात यायला तिला किती कापड नासावं लागलं होतं, ते तिचं तिला माहीत. ही रेघ हिने कुठे गिरवली असेल? कात्री नाही, कापड नाही. इस्त्री करता करता टेबलावर बोटाने?

"बघताय काय, धरा हे," सून म्हणाली. आक्काने झाकण धरलं.

डबा गाडीत जाताना शेजारीण अंगणातच येऊन उभी राहिली. "बसली का मग काच? हिला जमलं का?"

आक्कापुढे सरळ वाट होती. पहिल्या खेपेला चाललं नव्हतं, हे खरंच होतं. नाही जमलं म्हटलं असतं तर सून "बरं आक्का" म्हणून मशीनवर जाऊन बसली असती. नक्की बसली असती. तेच आक्काला नको झालं.

"बसली होती," ती म्हणाली. "मी उठवली. आता परत बसवतेय ती. तू जरा बाजूला हो, तिला उजेड लागतो."

चावी फिरली. आकडे उजळले. बॅटरी सोडवल्यामुळे गाडीतलं घड्याळ बारा दाखवायला लागलं होतं, भर सकाळी. सुनेने एका बोटाने नॉब फिरवला. लोण्यातून फिरावा तसा फिरला. बावीस, तेवीस, चोवीस. तिथे तिने बोट उचललं आणि आक्काकडे पाहिलं. आक्का काही बोलली नाही. चोवीस जरा जास्तच होतं. पण बोलायचं नाही म्हणजे किती जड असतं, हे तिला त्या मिनिटात कळलं.

"आकडे जरा मळकट दिसतात," शेवटी ती म्हणाली, आणि पुसायला स्वतःच्या बाहीचं टोक बोटावर घेतलं. मग बाहीकडे पाहिलं. थांबली.

"पुसू नका," सून म्हणाली. तिने काचेच्या कोपऱ्यात नख घातलं आणि नव्या काचेवर चिकटून आलेली पातळ पारदर्शक पट्टी सोलून काढली. आकडे असे चमकले की आक्काला चष्मा सावरावा लागला.

ती गाडीतून उतरली, दुकानात गेली, टाचा वर करून खिळ्यावरची कात्री काढली. मुलगा दारात उभा होता; त्याने सवयीने हात खिशात घातले. आक्का त्याच्या बाजूने बाहेर आली. मूठ तिने एकदा पूर्ण बोटं घालून धरली, मग बोटं काढली आणि पातं आपल्याकडे करून मूठ सुनेपुढे धरली. सुनेने हात ॲप्रनला पुसले, दोनदा. घेतली नाही, आधी आक्काच्या तोंडाकडे पाहिलं.

"बघतेस काय? घे," आक्का म्हणाली. "वकीलबाईंची बाही तू बेत. काखेत ढिली ठेव, त्या हात वारे करत बोलतात. गाडीतही चोवीस ठेव, मला उकडलं तर मी हाताने वारा घेईन. पण एक सांगून ठेवते. तू कामाला हुशार आहेस, हे मला आज कळलं ही माझी चूक. आणि ते तू आज बोललीस ही तुझी. इतकी वर्षं मला एकटीला भांडायला लावलंस! यापुढे मी चुकले आणि तू पुन्हा 'बरं आक्का' म्हणालीस, तर ही कात्री परत खिळ्यावर."